दुकान तेच, वेळ निराळी

'किराणा कुठून आणता?' या साध्या प्रश्नाचं उत्तर देताना आपण कधी कधी जरा चाचरतो. असं का होतं, हे समजून घ्यायला आज ब्रिटनमधल्या तीन दुकानांचा इतिहास पाहू या.

१८६९ साली जॉन जेम्स आणि मेरी ॲन सेन्सबरी या जोडप्याने लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये दूध, लोणी, अंडी विकायला सुरुवात केली. तो काळ दुधातल्या सर्रास भेसळीचा. त्यामुळे स्वच्छ दुकान आणि चोख माल एवढ्यावरच 'खात्रीचं दुकान' असं नाव झालं, आणि ते पिढ्यानपिढ्या टिकलं.

पन्नास वर्षांनी, १९१९ मध्ये, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जॅक कोहेनने पूर्व लंडनच्या बाजारात गाडा लावला. माल होता लष्कराकडचा उरलासुरला. 'ढीग लावा, स्वस्त विका' हा त्याचा मंत्र. त्याच गाड्याची पुढे टेस्को झाली. पण स्वस्त म्हणजे हलकं, हा शिक्काही सोबत आला. तो पुसायला फार वर्षं लागली. १९९५ मध्ये टेस्कोने सेन्सबरीला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला.

आता तिसरं दुकान. १९९० मध्ये जर्मनीची आल्डी बर्मिंगहॅमच्या स्टेचफर्ड भागात उघडली. तेव्हा मोठी, झगमगीत सुपरमार्केटं लोकांच्या अंगवळणी पडली होती. इथे मात्र जेमतेम सहाशे वस्तू, त्याही खोक्यांतच मांडलेल्या, आणि नावं अनोळखी. साहजिकच लोक म्हणाले, हे गरिबांचं दुकान!

मग २००८ची मंदी आली. आल्डीने माल सुधारला होताच, पण मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाची नजर बदलली. काटकसर आता शहाणपणाची ठरली. महागाईने होरपळलेल्या २०२२ मध्ये आल्डीने मॉरिसन्सला मागे टाकून चौथा क्रमांक पटकावला.

श्रोतेहो, दुकान कोणत्या वेळी दारात आलं, यावर त्याची पहिली ओळख ठरते. ती ओळख मालापेक्षा जास्त टिकते. पण कायमची नसते. आपली मुलं शाळेत डबा कुठल्या पिशवीतून नेतात, यावरून कुणी त्यांना हिणवलं, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. पिशवीवरचं नाव बाजार ठरवतो. आतल्या पोळीभाजीची किंमत घर ठरवतं.