यकृत निकामी होणे

यकृत निकामी होणे (यकृतनिष्क्रियता) ही यकृताची कार्ये शरीराच्या गरजेपुरतीही पार न पडण्याची अवस्था होय. हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचा शेवटचा टप्पा आहे. रक्त गोठवणारी प्रथिने तयार करणे, अमोनियासारखी विषद्रव्ये निष्प्रभ करणे, साखरेचा साठा राखणे व पित्त स्रवणे ही यकृताची मुख्य कामे आहेत. ती मंदावल्यास रक्तस्राव, ग्लानी, रक्तातील साखर घटणे व कावीळ अशी लक्षणे दिसतात.

प्रकार

पूर्वी निरोगी असलेल्या व्यक्तीचे यकृत काही दिवसांत वा आठवड्यांत निकामी झाल्यास त्यास तीव्र यकृतनिष्क्रियता म्हणतात. काविळीबरोबर रक्त गोठण्यातील बिघाड (आयएनआर १.५ वा अधिक) आणि मेंदूवरील परिणाम ही तिची खूण मानली जाते. दीर्घकालीन प्रकारात वर्षानुवर्षे इजा होऊन यकृताच्या पेशींच्या जागी चट्टे पडतात. यास यकृतकाठिण्य किंवा सिऱ्हॉसिस म्हणतात. सिऱ्हॉसिस असलेल्या रुग्णास संसर्ग, मद्यपान वा नवे औषध यांमुळे अचानक तीव्र बिघाड होतो, असा तिसरा प्रकारही ओळखला जातो.

कारणे

ब्रिटनमध्ये तीव्र प्रकाराचे प्रमुख कारण पॅरासिटामॉलचा अतिरेक हे आहे. भारतात मात्र विषाणूजन्य कावीळ आघाडीवर असून त्यात दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई चा वाटा मोठा आहे. २०१२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात याच विषाणूची मोठी साथ आली. हजारो लोकांना कावीळ झाली व काहींचा मृत्यू झाला. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार घातक ठरतो आणि मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गरोदर स्त्रीची कावीळ म्हणूनच कधीही साधी समजली जात नाही.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड ही औषधे काही रुग्णांच्या यकृतास अपाय करतात. वनस्पतिजन्य औषधे निर्धोक असतात ही समजूतही तपासून पाहावी लागते. कोविड साथीच्या काळात गुळवेलीचे सेवन केलेल्या ६ रुग्णांत यकृतदाह आढळल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. दीर्घकालीन प्रकारात मद्यपान, हिपॅटायटिस बी व सी, तसेच लठ्ठपणा व मधुमेहाशी निगडित मेदयुक्त यकृत ही प्रमुख कारणे आहेत.

पितळी भांडी आणि बालयकृतकाठिण्य

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. साधारण सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांचे पोट फुगणे, यकृत दगडासारखे टणक होणे आणि काही महिन्यांत मृत्यू ओढवणे, असा एक आजार भारतात दीर्घकाळ ज्ञात होता. एकाच घरातील भावंडे त्यास बळी पडत. त्यामुळे तो आनुवंशिक मानला जाई. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या बालकांच्या आहाराचा मागोवा घेतला. यकृतात तांब्याचे प्रमाण फार वाढलेले होते. अंगावरचे दूध लवकर कमी करून गाईम्हशीचे दूध सुरू केलेल्या, आणि ते कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तापवले व साठवले जाणाऱ्या घरांत हा आजार अधिक दिसला. दुधातील केसीन तांबे धरून ठेवते. पाण्यापेक्षा दुधाचा धोका अधिक का, याचे उत्तर त्यात मिळाले.

तांबे शरीराबाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध आजाराच्या आरंभी दिल्यास काही बालके वाचली. मात्र खरा फरक स्वयंपाकघरात पडला. पितळेची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली, भांड्यांविषयी सल्ला घरोघर पोहोचला आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. पितळी भांड्यांना नियमित कल्हई लावण्याच्या जुन्या रिवाजामागचा शहाणपणा या संशोधनाने अधोरेखित केला, असे म्हणता येईल.

लक्षणे

आरंभी थकवा, भूक मंदावणे, मळमळ व गडद लघवी एवढेच दिसते. पुढे डोळे व त्वचा पिवळी पडते, पोटात पाणी साठते (जलोदर), पायांवर सूज येते, हिरड्यांतून रक्त येते. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटल्यास रक्ताची उलटी होते. झोपेचे चक्र उलटे होणे, असंबद्ध बोलणे व हात पसरल्यावर पंजे फडफडणे ही मेंदूवरील परिणामाची चिन्हे आहेत. नातेवाईक पुष्कळदा ती थकवा समजतात.

ग्रामीण भागात कावीळ ‘उतरवून’ घेण्याची व गळ्यात माळ घालण्याची प्रथा आहे. बहुतेक विषाणूजन्य कावीळ आपोआप बरी होत असल्याने तिचे श्रेय उपायाला मिळते. ज्या थोड्या रुग्णांचे यकृत निकामी होत असते, त्यांचे मोलाचे दिवस मात्र त्यात जातात.

उपचार

काविळीच्या रुग्णास गुंगी वा रक्तस्राव असल्यास तातडीने अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवावे लागते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर एन-ॲसिटिलसिस्टीन, हिपॅटायटिस बी वर विषाणुरोधक गोळ्या, अमोनिया घटवण्यासाठी लॅक्ट्युलोज आणि मेंदूची सूज कमी करणारी औषधे दिली जातात. यकृताची पुनर्निर्मितीक्षमता मोठी असल्याने काही रुग्ण एवढ्यावर सावरतात.

इतरांसाठी प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत दात्याचे यकृत किंवा जवळच्या नातेवाइकाच्या यकृताचा भाग वापरता येतो; दात्याचे उरलेले यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते. राज्यातील बहुतांश प्रत्यारोपण केंद्रे मुंबई व पुणे येथे आहेत. त्यामुळे इगतपुरी तालुक्यातील घोटीसारख्या गावातील रुग्णास प्रथम स्थानिक रुग्णालय, मग सुमारे ३५ किलोमीटरवरील नाशिक आणि गरज पडल्यास मुंबई असा प्रवास करावा लागतो. तीव्र प्रकारात काही तासांचा विलंबही निर्णायक असतो. म्हणून शुद्ध हरपण्याची वाट न पाहता प्रत्यारोपण केंद्राशी लवकर संपर्क साधण्यावर तज्ज्ञांचा भर असतो.

प्रतिबंध

हिपॅटायटिस बी ची लस २०११ पासून देशभरातील बालकांच्या नियमित लसीकरणात समाविष्ट आहे. पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. साथीच्या काळात पाणी उकळून पिणे हा हिपॅटायटिस ई विरुद्धचा घरगुती पण परिणामकारक उपाय आहे.