ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि भौतिकोपचार : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मराठवाड्यातील खेड्यांत सांधे धरले की ‘वात झाला’ असे म्हणून विषय संपविला जातो. परंतु वयोमानाने होणारी सांध्यांची झीज आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे भिन्न आजार आहेत. दुसऱ्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर आघात करते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. प्रस्तुत लेखात त्यावरील भौतिकोपचाराच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
माधवनिदानातील ‘आमवात’ या प्रकरणाशी या आजाराची लक्षणे बरीच जुळतात. आधुनिक वैद्यकात १८०० मध्ये लांद्रे-बोव्हे यांनी त्याचे वर्णन केले; १८५९ मध्ये गॅरॉड यांनी त्यास आजचे नाव दिले. सप्टेंबर १९४८ मध्ये, मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला त्याच महिन्यात, अमेरिकेत हेंच यांनी या आजाराच्या रुग्णास प्रथम कॉर्टिसोन दिले.

भारतातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय १९५२ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने सुरू झाले. पोलिओग्रस्तांचे पुनर्वसन ही त्यामागील तातडीची गरज होती. सांधेदुखीच्या रुग्णास मात्र दीर्घकाळ विश्रांतीच सांगितली जाई. योग्य व्यायामाने सांध्यांची हानी वाढत नाही, उलट स्नायूंचे बळ टिकते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने स्पष्ट केले.

ग्रामीण वास्तव :
१९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी पाहणी सुरू केली. तीत प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण हजारी सुमारे पाच आढळले. हा शहरी आजार नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले.

उपचाराचे स्वरूप :
मेथोट्रेक्सेटसारखी औषधे हा उपचाराचा पाया होय. भौतिकोपचार त्यांना पर्याय नसून पूरक आहे. सूज तीव्र असताना आधारपट्टी व हलकी हालचाल, सूज ओसरल्यावर मेणाचा शेक आणि बळ वाढविणारे व्यायाम दिले जातात. कळशी बोटांनी न उचलता दोन्ही तळव्यांनी व कोपराच्या आधाराने उचलणे, पिळण्याऐवजी कपडे निथळत ठेवणे, हेही उपचारच आहेत.

निष्कर्ष :
भारतातील भौतिकोपचाराचे शिक्षण मुंबईत सुरू झाले; आज लातुरातही त्याचे महाविद्यालय आहे. तथापि बोटे वाकडी झाल्यावर आलेल्या कष्टकरी स्त्रीला गमावलेली हालचाल पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून सकाळी तासभर हात आखडतात, ही तक्रार प्राथमिक आरोग्य केंद्रातच गांभीर्याने ऐकली जाणे आवश्यक आहे.