नऊवारीवर बांधली हवाई छत्री

मे महिन्यात आपल्या जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो. आज आपण बोलणार आहोत ते शून्याखाली सदतीस अंश थंडीत आभाळातून उडी मारणाऱ्या बाईविषयी. या आपल्याच महाराष्ट्रातल्या, पुण्याच्या शीतल महाजन.

खेळाचं नाव स्कायडायव्हिंग. विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून उडी मारायची आणि पॅराशूट, म्हणजे हवाई छत्री उघडून जमिनीवर उतरायचं. भारतातल्या बायकांसाठी ही वाट रेचल थॉमस यांनी पाडली. त्या रेल्वेत नोकरी करायच्या आणि दोन लेकरांच्या आई. 1979 साली त्यांनी पहिली उडी मारली आणि 2002 साली उत्तर ध्रुवावर उतरल्या.

शीतलताईंची पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर झाली. तारीख 18 एप्रिल 2004, वय एकवीस. आधी सरावाची एकही उडी नाही. उंची 2,400 फूट, म्हणजे गावातली साठ फुटी पाण्याची टाकी एकावर एक अशी चाळीस वेळा रचावी तेवढी. खाली नुसता गोठलेला समुद्र. पुढे 15 डिसेंबर 2006 ला त्यांनी अंटार्क्टिकावर 11,600 फुटांवरून उडी घेतली. इतक्या उंचीवरून उडी मारली की छत्री उघडेपर्यंत माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. धीर सुटला की हात चालत नाहीत, म्हणून या खेळात ताकदीइतकंच डोकं शांत लागतं.

पण बायांनो, आपण हिशोब ठेवणाऱ्या बाया. आपल्याला पहिला प्रश्न पडतो तो खर्चाचा. या खेळात महिन्याचा पगार नाही. प्रवास, विमान, छत्री, शिकवणारा, सगळ्याला पैसा लागतो. शीतलताईंना मोहिमांसाठी प्रायोजक शोधावे लागले. आभाळातली उडी काही मिनिटांत संपते, पैशाची जुळवाजुळव मात्र कितीतरी आधीपासून चालते. बक्षीस घेताना फोटो निघतो, या जुळवाजुळवीचा कुणी काढत नाही.

2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लग्न झालं, जुळे मुलगे झाले, तरी खेळ सुटला नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून सुमारे 13,000 फुटांवरून उडी मारली. नऊवारीचा काष्टा घालून आपल्या आज्या शेतात राबल्या, विहिरीत उतरल्या. लुगड्यात काही अडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आता जगानंही पाहिलं. नोव्हेंबर 2023 मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, शीतलताईंनी एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून उडी घेतली. आपल्याकडे या वयात बाईला म्हणतात, आता तुझं काय राहिलं?

आता आपल्या गटाचं बोलू. आपल्या वहीत कर्जाची कारणं लिहिलेली असतात: शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना, लग्न. गावातली एखादी पोरगी शाळेत सगळ्यांच्या पुढे पळते. तालुक्याला निवड होते. मग बुटाला पैसे नसतात, एसटीच्या भाड्याला नसतात, सोबत कोण जाणार हेही ठरत नाही. पोरगी घरी बसते आणि दोन वर्षांनी त्याच पोरीच्या लग्नासाठी आपण कर्ज मंजूर करतो.

सगळ्या पोरी ध्रुवावर जाणार नाहीत, जायची गरजही नाही. पण धाडस पोरीच्या अंगात असतं आणि पैसा घरात नसतो. मधलं अंतर कुणीतरी भरून काढावं लागतं. शहरात ते प्रायोजक भरतात. गावात बचत आपली, सही आपली, ठरावही आपलाच.

तेव्हा पुढच्या बैठकीत कर्जाची कारणं वाचून दाखवताना ‘दवाखाना’ आणि ‘लग्न’ यांच्या मधे एक शब्द लिहायचा का, यावर बोलू या. शब्द आहे, खेळ.