भोगवर्धन

राजूरच्या गणपतीच्या दर्शनास जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी भोकरदनकडे वाकडी वाट अवश्य करावी. केळना नदीकाठचे हे तालुक्याचे गाव म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन नगर होय. येथील दात्यांचे उल्लेख दूर सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भग्न भाग हाती आला. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडली होती. ते शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झाले. म्हणजे आपल्याच मुलखातील कारागिरी रोमकांच्या घरी पोहोचली असावी! परंतु पांढरीची माती उपसणाऱ्यास हे कोण सांगणार? मुलांस तेथे न्यावे, खापरे दाखवावीत. उचलू मात्र देऊ नयेत.