शिकवण्याचा खर्च : हिशेबातल्या एका नोंदीची कुळकथा

नव्या माणसाला कामावर घेऊन तयार करायला कंपनीला किती खर्च येतो, हा प्रश्न आज प्रत्येक मोठ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागात विचारला जातो. उद्योगाच्या इतिहासात मात्र तो फार उशिरा पडला. त्याआधी कित्येक शतके हिशेब उलटा होता आणि पैसे शिकणारा मोजत असे. इंग्लंडमध्ये 1563 च्या कायद्याने कारागिरीच्या धंद्यांत सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. नामांकित उस्तादाच्या हाताखाली मुलाला ठेवायचे तर बापाला आगाऊ रक्कम द्यावी लागे. पुढे वाफेच्या इंजिनासाठी जगप्रसिद्ध झालेल्या जेम्स वॉटने 1755 मध्ये लंडनच्या एका उपकरण-कारागिराकडे वर्षभर शिकण्यासाठी 20 गिनी मोजल्या आणि शिवाय त्याचे कामही केले. सात वर्षांच्या उमेदवारीत उस्तादाचे सुरुवातीचे नुकसान शेवटच्या वर्षांत भरून निघे, कारण तेव्हा उमेदवार कारागिराएवढे काम करी आणि मोबदला मात्र उमेदवाराचाच घेई. ही सक्ती 1814 मध्ये उठली, पण शिकण्याचा खर्च शिकणाऱ्याने सोसायचा ही समजूत उठली नाही. या नोंदीचा पुढचा प्रवास पाहिला की एक गोष्ट ठळक होते. खर्च कधीच नाहीसा झाला नाही, तो एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत जात राहिला. ज्या मालकांनी तो प्रामाणिकपणे मोजला, त्यांना कळले की खरा तोटा शिकवण्यात नसून शिकवलेली माणसे टिकत नाहीत यात आहे.

मुंबईच्या गिरण्यांत हा खर्च मालकाच्या वहीत दिसतच नव्हता. कोकणातून, घाटावरून आलेला तरुण नात्यातल्या किंवा गावच्या माणसाच्या खोलीवर उतरे, त्याच्याच ओळखीने साचाखात्यात शिरे आणि त्याच्या शेजारी उभा राहून काम शिके. तुटलेला धागा कसा जोडायचा, धोट्यातली कांडी कधी बदलायची, साचा कोणत्या क्षणी थांबवायचा, हे त्याला शिकवणारा साचेवाला त्याच वेळी स्वतःचे उत्पादनही काढत असे. त्याची मजुरी उक्त्या कामाची, म्हणजे कापड जितके कमी निघेल तितका पगार कमी. शिकवण्यात गेलेला वेळ आणि बिघडलेले कापड हे त्याच्या खिशातून जाई, आणि शिकाऊ माणसाच्या पोटाचा भार नातेवाइकांवर पडे. भरती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हाती होती. काम मिळावे आणि टिकावे म्हणून त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. व्हिटले कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात या जॉबरशाहीवर कडक टीका केली. गिरणीमालकांनी 1935 मध्ये बदली कामगारांसाठी कार्डांची पद्धत आणली, ती जॉबरच्या भरतीवर लगाम घालण्यासाठी. मालकांना तंत्रशिक्षणाचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. 1887 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली तेव्हा गिरणीमालकांनी देणग्या दिल्या होत्या. साध्या साचेवाल्याचे शिक्षण मात्र फुकट होते असेच धरले गेले. ते फुकट नव्हते, त्याचे पैसे गिरणगावातली कुटुंबे भरत होती.

ही नोंद मालकाच्या वहीत प्रथम ठसठशीतपणे आली ती अमेरिकेत, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे मॅग्नस अलेक्झांडर यांनी 12 कारखान्यांची 1912 सालची भरती तपासली. वर्षभरात या कारखान्यांतली माणसे 6,697 ने वाढली होती, पण तेवढ्या वाढीसाठी 42,571 माणसे कामावर घ्यावी लागली होती. काही माणसे मरणारच, आजारी पडणार, काढावी लागणार, हे सगळे वजा करूनही हजारो नेमणुका अनावश्यक ठरत होत्या. अलेक्झांडर यांनी पुढची पायरी गाठली आणि एका नव्या माणसाचा खर्च पाच भागांत मांडला. भरतीच्या कचेरीचे काम, शिकवणाऱ्याचा वेळ, नवख्या हातांनी होणारी यंत्राची व हत्यारांची झीज, संथ गतीमुळे घटलेले उत्पादन आणि बिघडलेला माल. यांतल्या पहिल्या दोन बाबी पगारपत्रकात सापडतात. उरलेल्या तीन कुठल्याच बिलावर येत नाहीत. आजही एखादी कंपनी प्रशिक्षणाचा आकडा सांगते तेव्हा तो बहुधा वर्ग, शिक्षक आणि प्रवास यांचा असतो. अलेक्झांडर यांच्या शेवटच्या तीन बाबी त्यात नसतात.

त्याच काळात हेन्री फोर्ड यांच्या डेट्रॉइटलगतच्या कारखान्यात हा तोटा टोकाला पोचला होता. 1913 मध्ये सुमारे 14,000 माणसांची फौज कायम राखण्यासाठी 52,000 हून अधिक माणसे भरावी लागली. जानेवारी 1914 मध्ये फोर्ड यांनी रोजचे 5 डॉलर जाहीर केले आणि 370 टक्क्यांवर गेलेली गळती त्या वर्षी 54 टक्क्यांवर व 1915 मध्ये 16 टक्क्यांवर आली. यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक, ही पगारवाढ निव्वळ उदार नव्हती. पूर्ण 5 डॉलर मिळण्यासाठी कामगाराच्या घरगुती वागणुकीची तपासणी होत असे. हे खरे आहे, आणि ती ढवळाढवळ निंद्यच होती. पण गळती घटली की भरतीचा आणि शिकवणीचा खर्च घटतो, हा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. दुसरा आक्षेप असा की सरकत्या साखळीवरचे बरेचसे काम थोड्या दिवसांत शिकता येत होते, तेव्हा तिथे शिकवणीचा खर्च तो किती असणार? उलट यातच मुद्दा आहे. इतके सोपे काम शिकवतानाही सतत बदलणारी माणसे कारखान्याला परवडली नाहीत, मग ज्या कामात हात बसायला वर्ष लागते तिथे काय होत असेल?

मालकांची सगळ्यात वजनदार तक्रार वेगळी आहे: आम्ही शिकवायचे आणि शेजारच्याने पळवायचे. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1960 च्या दशकात या तक्रारीला सिद्धान्ताचे रूप दिले. कुठेही उपयोगी पडेल असे कौशल्य कंपनी स्वतःच्या खर्चाने शिकवणार नाही, त्याची किंमत कामगार कमी पगाराच्या रूपात मोजेल, असे त्यांचे म्हणणे. तक्रार अगदीच निराधार नाही, म्हणून अनेक देशांनी हा भार सर्व मालकांत वाटून दिला. ब्रिटनने 1964 मध्ये उद्योगवार मंडळे नेमून प्रशिक्षणासाठी पट्टी वसूल केली. फ्रान्सने 1971 च्या कायद्याने पगारखर्चाचा ठरावीक हिस्सा प्रशिक्षणावर खर्च करणे बंधनकारक केले. भारताने 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याची आणि त्यांना विद्यावेतन देण्याची जबाबदारी टाकली. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घ्यायचे आहेत. पण याच कायद्याने उमेदवाराला कामगार मानलेले नाही. त्यामुळे जिथे उमेदवाराला शिकवण्याऐवजी नियमित कामाला जुंपले जाते, तिथे खर्चाची नोंद गुपचूप पुन्हा शिकणाऱ्याच्या वहीत जाते.

याच दिशेने उघडपणे जाणारा मार्ग म्हणजे बाँड, म्हणजेच ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा करार. कल्याणजवळच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्याने डच कंपनीच्या तंत्रज्ञानावर टायर-कॉर्डचे उत्पादन सुरू केले, तेव्हा एका शिफ्ट सुपरवायझरला सुमारे नऊ महिने प्रशिक्षण देऊन पाच वर्षांच्या कराराने बांधले. तो मुदतीआधी कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार वैध ठरवला आणि मुदत संपेपर्यंत त्याच कामावर तिथे राहण्यास मनाई कायम ठेवली. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अटही याच न्यायालयाने मान्य केली. म्हणजे बाँड सरसकट बेकायदा आहे हा समज चुकीचा आहे. तरी कायदेशीर असणे आणि न्याय्य असणे एक नव्हे. सेंच्युरीने परदेशी तंत्राचे खास शिक्षण दिले होते. चार आठवड्यांची व्याख्याने आणि कंपनीच्या नियमांची ओळख एवढ्यावर लाखाचा बाँड मागणे त्या तोडीचे नाही.

हिशेबशास्त्राचाही या गोंधळात हात आहे. भारतीय लेखा मानक 38 नुसार प्रशिक्षणावरची रक्कम त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवावी लागते. माणसांवर कंपनीचा पुरेसा ताबा नसल्याने तयार माणूस सहसा मालमत्ता म्हणून ताळेबंदात येत नाही. हा नियम योग्यच आहे, माणूस कुणाची मालमत्ता नसतो. पण मग याच खर्चाला बाँडमध्ये गुंतवणूक म्हणून वसूल करण्याआधी कंपनीने त्याचा तपशील द्यायला हवा. भारतीय करार कायद्याचे कलम 74 साधारणपणे वाजवी भरपाईच देते, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणून बाँडवर सही करणाऱ्या प्रत्येक तरुणाने विचारावे: माझ्यावर नेमका किती खर्च होणार आहे, आणि कशावर? आणि मालकांनी गेल्या तीन वर्षांत किती माणसे सोडून गेली व का, हे आधी मोजावे. प्रशिक्षणाच्या खर्चातली सगळ्यात मोठी बचत तिथेच सापडते.