केशर आणि स्मृति

मोगल बादशहा जहांगीर (कारकीर्द १६०५ ते १६२७) यानें आपल्या आत्मवृत्तांत केशराविषयीं एक विलक्षण हकीकत नमूद करून ठेविली आहे. केशर अतिशय खाल्ल्यास मनुष्य हसत सुटतो व हसतां हसतां प्राणासहि मुकतो, असें एका जुन्या वैद्यकग्रंथांत लिहिलें होतें. बादशहाला त्याची प्रचीति पाहण्याची इच्छा झाली. देहान्ताची शिक्षा झालेला एक कैदी आणवून त्याला समक्ष पाव शेर केशर चारण्यांत आलें. कांहींच झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्रा दुप्पट केली. तरी त्या अभाग्याच्या ओठांवर स्मितहि उमटलें नाहीं, मग मरण तर दूरच राहिलें! प्रयोग क्रूर होता. परंतु ग्रंथांत सांगितलेला गुण प्रत्यक्ष पारखून घ्यावा, ही त्यामागील दृष्टि मोलाची होती.

केशर म्हणजे एका जांभळ्या फुलांतील तीन तांबडे तंतु. एक किलो केशरासाठीं सुमारें दीड लाख फुलें खुडावीं लागतात. या वनस्पतीला बीज धरत नाहीं. कंद लावून मनुष्यानेंच तिचा वंश चालविला आहे. ग्रीसमधील सान्तोरिनी बेटावर साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या भित्तिचित्रांत केशर खुडणाऱ्या स्त्रिया दिसतात. इकडे कल्हणानें बाराव्या शतकांत रचिलेल्या 'राजतरंगिणीं'त काश्मीरच्या भूषणांमध्यें केशराची गणना केली आहे.

इतक्या दुर्मिळ वस्तूला औषधी कीर्ति लाभावी, यांत नवल नाहीं. इब्न सीना (९८० ते १०३७) या थोर हकिमानें केशर मनाला उल्हास देणारें मानिलें. इंग्लंडांत जॉन जेरार्ड यानें १५९७ सालच्या वनस्पतिग्रंथांत, बेतानें घेतल्यास तें मस्तकास हितकर असून इंद्रियें तल्लख करितें, असें लिहिलें. आपल्याकडील 'भावप्रकाशां'त शिरोवेदना, व्रण व कृमि यांवर केशर सांगितलें आहे. स्मृतीसाठीं मात्र चरकसंहितेनें जीं चार मेध्य रसायनें सांगितलीं, तीं मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी हीं होत. त्यांत केशर नाहीं. स्मृतिभ्रंशावरील औषध म्हणून केशराचा विचार होऊं लागला तो अगदीं अलीकडे.

या विकाराचें स्वरूपहि उशिरांच कळलें. १९०१ सालीं फ्रांकफुर्ट येथें डॉ. अलोइस अल्झायमर यांच्यापुढें एक ५१ वर्षांची स्त्री आली; तिला स्वतःचें नांवहि नीट लिहितां येईना. तिच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूंत आढळलेले साके व गुंतलेले तंतु यांचें वर्णन त्यांनीं १९०६ सालीं विद्वानांपुढें मांडलें. अशा साक्यांतील द्रव्याच्या गुठळ्या बनण्यास केशराचा रंग देणारें क्रोसिन हें द्रव्य अडथळा करितें, असें पुढें परीक्षानळींत दिसून आलें.

मग इराणांत रुग्णांवर प्रयोग झाले. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४६ रुग्ण होते. कांहींना रोज ३० मिलिग्रॅम केशर व कांहींना औषधहीन गोळी देण्यांत आली. १६ आठवड्यांनंतर केशर घेणाऱ्यांची बुद्धि अधिक चांगली आढळली. ५४ रुग्णांवरील २२ आठवड्यांच्या दुसऱ्या प्रयोगांत केशर डोनेपेझिल या रूढ औषधाच्या तोडीचें ठरलें, आणि वांतीचा त्रास कमी झाला.

हें फळ आशादायक खरें. पण थोडके रुग्ण व थोडा काळ एवढ्यावर निर्णय देतां येत नाहीं. हा विकार वर्षानुवर्षें वाढणारा आहे. तो केशरानें बरा होतो किंवा टळतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. शिवाय प्रयोगांतील मात्रा मोजलेली व शुद्ध होती. बाजारांतील केशरांत करडईच्या पाकळ्या किंवा रंगविलेले मक्याचे केस मिसळलेले असूं शकतात. ही लबाडी जुनीच आहे; १४४४ सालीं न्युरेंबर्ग येथें तीबद्दल एका व्यापाऱ्याला जिवंत जाळण्यांत आलें होतें.

ज्या घरांतील वडील माणूस नातवंडांचीं नांवें विसरूं लागलें आहे, त्या घराला महागड्या डबीचा मोह पडणें स्वाभाविक आहे. श्रीखंडांतील चिमूटभर केशर त्यांना खुशाल द्यावें. पण वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकूं नये व चालू औषध बंद करूं नये. विस्मृतीचीं कांहीं कारणें, उदाहरणार्थ ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा कंठग्रंथीची मंदता, वेळीं ओळखल्यास सुधारतां येतात. तेथें केशराच्या भरंवशावर दवडलेले महिनेच सर्वांत महाग पडतात.