नादार कोण, दिवाळखोर कोण?

मालेगावात मागांचा खडखडाट थांबला की लोक आधी वीज गेली का ते बघतात. माझ्या चाचांचे माग एका दुपारी थांबले ते कायमचेच. आठ माग भंगारात गेले, सूत व्यापाऱ्याची उधारी अंगावर राहिली आणि पुढच्या महिन्यात बँकेची नोटीस घराच्या दारावर चिकटली. मी तेव्हा बी.एड. करत होतो. इंग्रजी नोटीस वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, कर्ज तर मागांसाठी घेतलं होतं. यात घर कुठून आलं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे शाळेत उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता या प्रश्नाचा माग काढत राहिलो. धंद्याचं कर्ज आणि घरचं कर्ज यांतला फरक कायद्याने कधी केला, कोणासाठी केला आणि कोणासाठी केला नाही, याचा इतिहास बराच जुना आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आपला कायदा तिथूनच आला. १५७१ च्या इंग्रजी कायद्यानुसार दिवाळखोर ठरण्याची सोय फक्त व्यापाऱ्याला होती. त्या काळी ती सोय नव्हतीच म्हणा. दिवाळखोर म्हणजे जवळजवळ गुन्हेगार. पण १७०५ साली कायदा बदलला. ज्या व्यापाऱ्याने सगळी मालमत्ता प्रामाणिकपणे हवाली केली, त्याचं उरलेलं कर्ज माफ होऊ लागलं. विचार असा की जहाज बुडतं, भाव कोसळतात, यात व्यापाऱ्याचा दोष काय? त्याला मोकळं केलं तर तो पुन्हा व्यापार करील.

जो व्यापारी नव्हता, त्याला मात्र हा विचार लागू नव्हता. त्याने कर्ज काढलं म्हणजे ऐपतीबाहेर खर्च केला, असं गृहीत धरलं जाई. त्याच्यासाठी कर्जदारांचा तुरुंग होता. चार्ल्स डिकन्सचे वडील नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. १८२४ साली एका पाववाल्याचे ४० पौंड थकले म्हणून ते मार्शलसी तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवू लागला. इंग्लंडमध्ये बिगर-व्यापाऱ्याला दिवाळखोरीचा कायदा खुला झाला तो थेट १८६१ मध्ये.

हाच भेद आपल्याकडे आला. १८२८ मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी नादारीची न्यायालयं स्थापन झाली. १८४८ च्या कायद्यानेही व्यापारी आणि बिगर-व्यापारी असा फरक ठेवला. भारतात त्यावर आणखी एक भेद चढला, तो शहर आणि गावाचा. मुंबईच्या हद्दीबाहेर, ज्याला इंग्रज मोफसल म्हणत त्या सगळ्या मुलखात, नादारीचा असा कायदाच नव्हता. तिथे फक्त दिवाणी हुकूमनामा, जप्ती आणि कैद.

या भेदाने काय केलं, ते दहा वर्षांच्या अंतरावरच्या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसतं.

पहिली घटना १८६५ सालची, मुंबईची. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळत नव्हता आणि मुंबईवर पैशाचा पाऊस पडत होता. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या काढता येऊ लागल्या होत्या, १८६० पासून बँकांनाही ती मुभा मिळाली. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे शेअरपुरतेच पैसे जाणार, घरदार सुरक्षित. बॅकबेच्या समुद्रात भर घालणाऱ्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले जात होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळा डोलारा कोसळला. बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंदसुद्धा बुडाले. मग काय झालं? बुडालेल्या पेढ्यांच्या मालमत्तेचा निपटारा करण्यासाठी मुंबईकरता त्याच वर्षी वेगळा कायदा करण्यात आला. धनको आणि ऋणको समोरासमोर बसले, हिशेब मिटले. प्रेमचंद पुन्हा धंद्यात उतरले आणि १९०६ पर्यंत मानाने जगले. यात वाईट काही नाही. कायदा असाच असावा.

दुसरी घटना १८७५ सालची. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांना हवी होती कर्जाची खतं आणि चोपड्या. त्या मिळवून जाळल्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुतेक वेळा मारहाण झाली नाही. हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पोहोचलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

या शेतकऱ्यांचं संकट मुंबईच्या संकटापासून फार लांब नव्हतं. तेजीच्या वर्षांत सावकार सढळ हाताने देत होता. तेजी ओसरली, धान्याचे भाव पडले, त्यातच १८६७ पासून सरकारने फेरआकारणी करून शेतसारा वाढवला. सावकाराने हात आखडला आणि जुनी खतं कोर्टात नेली. अमेरिकेतलं युद्ध संपल्याने मुंबईचा सट्टेबाज बुडाला, तशीच कुणब्याची पतही आटली. पण त्याच्यासाठी निपटाऱ्याचा कायदा नव्हता. १८५९ च्या दिवाणी संहितेत कर्ज न फेडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. बैल घ्यायला काढलेलं कर्ज धंद्याचं की घरचं, हे कोर्टाने विचारलंच नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याला कर्जापायी कैद करणं बंद झालं. खतावर अंगठा आहे म्हणून न थांबता मूळ मुद्दल किती, व्याज किती चढलं, हे न्यायाधीशाने तपासायचं ठरलं. शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करता येऊ लागला. चोपड्या जळल्या तेव्हा कायदा जागा झाला, असंच म्हणावं लागतं. पण हा कायदा 'शेतकरी' या व्याख्येपुरता होता. हातमागावर पोट असलेला विणकर त्यात बसत नव्हता. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगावात येऊन वसलेल्या आमच्या मोमीन पूर्वजांना त्याचा काय उपयोग? मोफसलसाठी नादारीचा स्वतंत्र कायदा आला तो १९०७ मध्ये, आणि त्याच्या जागी आजचा १९२० चा.

इथे आमच्या दीनमधली एक गोष्ट सांगावीशी वाटते. सहीह मुस्लिममध्ये एका माणसाचा किस्सा आहे. त्याने फळं विकत घेतली, सौद्यात खोट आली आणि तो कर्जात बुडाला. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याच्यासाठी सदका द्यायला सांगितलं. तरी पुरेसं जमलं नाही, तेव्हा धनकोंना सांगितलं की जे आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हाला मिळणार नाही. सूरह बकरामध्ये अडचणीतल्या ऋणकोला सवड देण्याचा आदेश आहे आणि जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचाही समावेश आहे. फुकहांनी उरलेलं कर्ज माफ मानलं नाही. ऐपत आली की फेडायचंच. पण ऋणको व्यापारी आहे की नाही, यावर त्याला सवड द्यायची की नाही हे ठरत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की त्याच्याकडे आहे आणि तो देत नाही, की खरोखर नाहीच. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात नेमका हाच फरक केला: केवळ फेडता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही.

आता चाचांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचा कारखाना कंपनी नव्हता. दारावर पाटी होती, पण कायद्याच्या नजरेत पाटी म्हणजेच चाचा. त्यामुळे मागांचं कर्ज हे त्यांचं स्वतःचं कर्ज, आणि घरही त्यातच. कंपनी असती तर मध्ये भिंत असती. अर्थात बँका संचालकाकडून वैयक्तिक हमी घेतात, आणि ती सही म्हणजे त्या भिंतीला पाडलेलं दार.

२०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपन्यांसाठी ठरावीक मुदत, वेगळं न्यायाधिकरण, कर्जाच्या मोठ्या हिश्श्यावर पाणी सोडण्याची सोय, सगळं चालू झालं. त्याच संहितेचा तिसरा भाग साध्या माणसांसाठी आणि भागीदारी पेढ्यांसाठी आहे. तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. मागवाला, किराणा दुकानदार, दवाखान्याच्या बिलात बुडालेला शिक्षक, यांच्यासाठी हे लिहीपर्यंत तो लागू नाही. त्यांच्यासाठी अजून १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालय; मुंबईत १९०९ चा. ते कायदे आहेत, एवढंसुद्धा आमच्या मोहल्ल्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून शेवट शब्दांनी करतो. या संहितेच्या मराठी नावात दोन शब्द शेजारी बसले आहेत. दिवाळखोर ही आपल्याकडे शिवी आहे. नादार हा फारसी शब्द. 'ना' म्हणजे नाही आणि 'दार' म्हणजे बाळगणारा. ज्याच्याकडे नाही तो, बस. जुन्या शाळांत गरीब मुलाला फी माफ होई, तेव्हा 'नादारी मिळाली' असं म्हणत. त्यात अपमान नव्हता, उलट वर्गात बसायची परवानगी होती.

चाचांनी घर वाचवलं, पण चाचींचे दागिने विकून आणि अकरा वर्षं दुसऱ्याच्या मागावर मजुरी करून. त्या अकरा वर्षांत ते मोहल्ल्यातल्या एकाही लग्नात पुढच्या रांगेत बसले नाहीत. ते नादार होते, आणि लोकांनी त्यांना दिवाळखोर ठरवलं होतं.